खडक दळला तर माती होते का?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की पायाखालची माती निम्मी रिकामी असते. ते वाक्य बऱ्याच जणांना झोंबलेलं दिसतंय. एका गृहस्थांनी सरळ विचारलंय, ‘मग आम्ही आत कसे पडत नाही?’ बाकीच्यांनी तेच जरा सौम्य शब्दांत विचारलंय. म्हणून या खेपेचं सगळं सदर मातीलाच देतेय. मी एकतीस वर्षं मृदा सर्वेक्षणात काढली. म्हणजे माणूसभर खड्डा खणायचा, आत उतरायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि वरपासून खालपर्यंत जे दिसेल, हाताला लागेल, ते लिहून काढायचं. इतकी वर्षं खड्ड्यात गेली की माणूस मातीच्या बाबतीत थोडा हट्टी होतो. तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : ऊन, पाऊस, वारा यांनी खडक फुटतो, त्याचा भुगा होतो आणि तीच माती, असं आम्ही शाळेत शिकलो. मग दगड गिरणीत बारीक दळला तर माती तयार होईल का? होत नसेल तर कमी काय पडतं?

उत्तर : दगडाचं पीठ होईल, माती होणार नाही. हा काही माझा आडाखा नाही. हा प्रयोग होऊन गेलाय, फक्त गिरणी आपली नव्हती.

चंद्रावर ना पाऊस, ना वारा, ना कुणी जिवंत. तिथे अब्जावधी वर्षं लहानमोठ्या उल्का आदळतायत आणि खडकाचा चुरा होतोय. अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात दगड आणि हा चुरा मिळून ३८२ किलो माल पृथ्वीवर आणला. त्यातला जेमतेम काही ग्रॅम चुरा घेऊन फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपाचं बी पेरलं. निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. पाणी दिलं होतं, पोषक द्रावण दिलं होतं, बीही रुजलं. पण पुढे रोपं रेंगाळली, मुळं खुरटली, काहींवर लालसर-काळपट झाक आली. हा चुरा भिंगाखाली पाहिला तर फुटलेल्या काचेसारखा दिसतो, कणाकणाला धार. दळण उत्तम झालंय. पुढचं काहीच झालेलं नाही.

पुढचं म्हणजे काय, ते सांगते.

खडक फुटण्याचा भाग तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फटीत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि फट रुंद करतं, मुळं पाचरीसारखी शिरतात, दगडफूल कातळाला चिकटून आम्ल सोडत बसतं. हे सगळं खरं, पण यातून हाती येतो तो खडकच, लहान केलेला.

खरी गंमत पाण्याच्या रसायनात आहे. पावसाचा थेंब खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही ५.६ च्या आसपास असतो. जमिनीत शिरल्यावर तो आणखी आंबट होतो, कारण आत मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडत असतात. कणांच्या मधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो. हे पाणी ग्रॅनाइटला भेटलं की त्यातल्या फेल्डस्पारला पोखरतं. फेल्डस्पारमधलं पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम सुटून पाण्याबरोबर चालू लागतं. मागे राहिलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका नव्याने जुळतात आणि पापुद्र्यांसारखे पातळ स्फटिक तयार होतात. ही चिकणमाती. नीट लक्षात घ्या, हा बारीक झालेला खडक नव्हे. ते मूळ खडकात नसलेलं, इथेच जन्मलेलं खनिज आहे. त्याच ग्रॅनाइटमधली गारगोटी मात्र पाण्याला दाद देत नाही, ती वाळू म्हणून उरते. म्हणजे ओंजळभर मातीत वाळू ही जुन्या घराच्या पडक्या भिंतीची, आणि चिकणमाती नव्या पिढीची.

हा नवा पापुद्रा मोठा कामाचा. फुगणाऱ्या जातीच्या चिकणमातीच्या एका ग्रॅमला आतबाहेर मिळून ८०० चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग असतो. त्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम असे धनभारित कण त्याला धरून राहतात. १८५० मध्ये जॉन थॉमस वे या इंग्रज रसायनतज्ज्ञाने मातीच्या थरावर अमोनियाच्या क्षाराचं द्रावण ओतलं. खालून जे गळलं त्यात अमोनियम नव्हतं, कॅल्शियम होतं. मातीने एक ठेवून घेतलं आणि बदल्यात दुसरं दिलं. गारगोटी कितीही बारीक दळा, ती हा व्यवहार करणार नाही.

दुसरी कमी पडते ती मेलेल्यांची. पानं, मुळं, किडे, बुरशी, जे जे मरतं ते कुजतं, आणि कुजून उरलेला काळपट अंश खनिजकणांना चिकटून बसतो. त्याला आम्ही ह्यूमस म्हणतो. रशियातले वासिली दोकुचायेव गवताळ मैदानांतली काळी माती बघत हजारो किलोमीटर हिंडले आणि १८८३ मध्ये त्यांनी मांडलं की माती ही खडकाची फूटतूट नसून स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे. तिला स्वतःचा जन्म आणि स्वतःची वाढ असते. आमच्या शास्त्राचा जन्म तिथला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे ही सगळी पत्रं आली. मांडणी. कण सुटे राहत नाहीत. जिवाणूंचा चिकट स्राव, बुरशीचे धागे, मुळांचा दाब, गांडुळाच्या पोटातून निघालेल्या गोळ्या यांनी कणांचे पुंजके होतात, पुंजक्यांचे लहानमोठे खडे होतात. खडे एकमेकांना टेकतात पण मिटत नाहीत. मधे जागा राहते. त्या जागेतून पाणी उतरतं, हवा खेळते, मूळ वाट काढतं. आपण आत पडत नाही कारण टेकलेले खडे वजन खालच्या खाली पोचवतात आणि मधली सगळ्यात रुंद वाटसुद्धा गांडुळाएवढीच असते. पण मोजलं तर निम्मं माप त्या मोकळ्या जागेचंच भरतं. गिरणीतल्या पिठाला ही मांडणी नाही. त्यावर एक सर पडू द्या, वर पापुद्रा धरेल आणि खाली कोरडंच राहील.

प्रश्न : मी आठवीत आहे. पुस्तकात दिलंय की मातीत खनिजं ४५ टक्के, पाणी २५, हवा २५ आणि सेंद्रिय पदार्थ ५ टक्के असतात. मातीतली हवा मोजतात कशी? ती तर दिसत नाही.

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण आकडा वाचून तू तो पाठ करून मोकळी झाली नाहीस.

हवा न बघता मोजता येते. आम्ही एक लोखंडी नळकांडं जमिनीत ठोकतो, माती न दाबता, न हलवता जशीच्या तशी काढतो. मग १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवतो. अशी एक लिटर कोरडी माती तोलली की बहुतेक वेळा १.३ किलोच्या आसपास भरते. आता मातीतली खनिजं मधे कुठेही फट न ठेवता ठासून बसली असती तर एका लिटरचं वजन २.६५ किलो भरलं असतं. १.३ ला २.६५ ने भाग. निम्म्याला किंचित कमी आलं ना? म्हणजे त्या लिटरमध्ये घन पदार्थ निम्मा, आणि उरलेला निम्मा रिकामा. त्या रिकाम्यात वाळवण्याआधी किती पाणी होतं ते वजनातल्या फरकावरून कळतं. जे उरलं ती हवा.

घरी करायचं असेल तर एवढंच कर. एक लिटरच्या भांड्यात कोरड्या मातीचे लहान खडे न दाबता भर आणि मापाने मोजत हळूहळू पाणी ओत, वर पाणी दिसेपर्यंत. बुडबुडे येतील, ती तुझी न दिसणारी हवा. मी परवा केलं तेव्हा सव्वाचारशे मिलिलिटर पाणी आत मावलं. आणि काही हवा आत अडकून राहिली ती वेगळीच.

पुस्तकातले आकडे मात्र आदर्श मातीचे आहेत आणि तेही आकारमानाचे, वजनाचे नव्हेत. पाणी आणि हवा एकाच घरात राहतात. पाऊस पडला की हवा बाहेर निघते, ऊन पडलं की परत येते. दोघंही पुरेसे असतात त्या अवस्थेला आपल्याकडे वाफसा हा सुंदर शब्द आहे. पुस्तकातलं २५-२५ म्हणजे वाफसा, दुसरं काही नाही. आणि पाच टक्के सेंद्रिय पदार्थ हे फारच नशीबवान मातीत. मी पाहिलेल्या कित्येक मातींत तो एक टक्काही नव्हता.

आणखी एक प्रयोग सांगते, पण तो रात्रभर चालतो. काचेची उभी बरणी घे, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. झाकण लावून पाच मिनिटं चांगली घुसळ आणि ठेवून दे. सोड्यामुळे पुंजके सुटतात. पाऊण मिनिटात तळाशी जे बसलं ती वाळू. मग तासन्‌तास पोयट्याचे कण उतरत राहतात. आठ तासांनीही वरचं दहा सेंटीमीटर पाणी गढूळ दिसलं तर ते चिकणमातीमुळे. जॉर्ज स्टोक्स यांनी हे गणित एकोणिसाव्या शतकात मांडलं: कणाचा व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग पाव होतो. वाळू म्हणजे २ ते ०.०५ मिलिमीटर, पोयटा ०.०५ ते ०.००२, आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. अंदाज हवा असेल तर असं बघ. चिकणमातीचा कण मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा धरला तर वाळूचा सगळ्यांत जाड कण दोन मीटरचा धोंडा होईल.

पाण्यावर तरंगणारा काळा कचरा टाकून देऊ नकोस. तो सेंद्रिय पदार्थ. भिंगाने बघ, एखादं मूळ किंवा किड्याचा पाय हमखास सापडतो.

प्रश्न : बागेतली माती फार चिकट आहे. वाळू मिसळली तर भुसभुशीत होईल का?

उत्तर : उलटं होईल. थोडी वाळू घातली की चिकणमाती तिच्या भोवतीने घट्ट बसते आणि वाळल्यावर विटेसारखा गोळा होतो. वाळूचा उपयोग व्हायला ती मातीच्या निम्म्याहून जास्त लागते, म्हणजे तुम्ही बागच बदलली. भुसभुशीतपणा कणांच्या आकारात नसून मांडणीत असतो. कुजलेलं खत घाला, पालापाचोळा पसरून ठेवा, ओली असताना तुडवू नका आणि गांडुळांना काम करू द्या. दोन-तीन वर्षं लागतील. घाई असेल तर कुंडी आणा.

प्रश्न : कुंडीचंच विचारते. भरताना काठोकाठ भरली होती, दोन वर्षांत चार बोटं खाली गेली. झाड माती खातं का?

उत्तर : ही शंका जुनी आहे आणि तिच्यावर झालेला प्रयोग मला अजून मोह पाडतो. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्माँट यांनी २०० पौंड माती भट्टीत वाळवून कुंडीत भरली आणि त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मातीत धूळ पडू नये म्हणून वर भोकांचं झाकणही ठेवलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांच्या वर भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर दोन औंस कमी. एवढंच.

त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तिथे ते चुकले, हवा विसरले. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द त्यांनीच घडवला आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूबद्दलही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. ज्या वायूपासून त्यांच्या विलोचं लाकूड बनत होतं त्याला नाव देऊनही तो त्यांना झाडात दिसला नाही. ते दोन औंसही सगळे तोलण्यातल्या चुकीचे नसावेत. फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम झाडाने मातीतूनच उचललेलं असणार. प्रमाण बघा फक्त.

तर तुमची चार बोटं झाडाच्या पोटात गेलेली नाहीत. कुंडीच्या मिश्रणात कंपोस्ट आणि तंतू भरपूर असतात. ते कुजतात, सूक्ष्मजीव त्यांचा कार्बन श्वासावाटे हवेत सोडतात. थोडा बारीक गाळ तळाच्या भोकातून निघून जातो. आणि उरलेली माती बसते, म्हणजे तिच्यातली पोकळी मिटते. वरून पुन्हा कंपोस्ट घालणं हे मी दुय्यम मानते. आधी काडीने हलकेच टोचून पाहा, काडी सहज शिरते का. शिरत नसेल तर कुंडीची खरी अडचण ती आहे.

प्रश्न : एक इंच माती तयार व्हायला हजार वर्षं लागतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे खरं आहे का?

उत्तर : कुठली माती? कुठे? हे विचारल्याशिवाय या आकड्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही, आणि भित्तिपत्रकांवर तो इतका ठसठशीत छापलेला दिसला की माझा हात खोडरबराकडे जातो.

हान्स येन्नी यांनी १९४१ मध्ये माती ठरवणाऱ्या पाच गोष्टी एका सूत्रात बसवल्या: हवामान, सजीव, उतार, मूळ खडक आणि काळ. उष्ण, ओल्या हवेत ज्वालामुखीची सच्छिद्र राख असेल तर काही दशकांत मुळं धरण्याजोगा थर दिसू लागतो. थंड कोरड्या प्रदेशात कठीण ग्रॅनाइट असेल तर दहा हजार वर्षांनीही बोटभर मुरूम. कॅनडा आणि उत्तर युरोपात हिमयुगातल्या बर्फाने जुनी माती खरवडून नेली. तिथली बरीच माती बर्फ हटल्यावरची, दहाबारा हजार वर्षांची. ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी लाखो वर्षं तीच माती पावसात धुतली जातेय, इतकी की तिच्यातलं फॉस्फरस जवळपास संपलंय. म्हातारी माती श्रीमंत असते असं नाही.

सजीवांवाचून काळ एकटा काय करतो, याचं माझं आवडतं उदाहरण आइसलँडजवळचं सुर्टसे बेट. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये समुद्रातून उद्रेक झाला आणि हे बेट वर आलं. १९६५ मध्ये पहिली फुलझाडाची रोपं दिसली. पण पुढची वीस वर्षं बेट जवळजवळ उघडंच होतं, राखेत पाणी टिकेना, नायट्रोजन नाही. मग १९८० च्या दशकात समुद्रपक्ष्यांनी तिथे वसाहत केली. विष्ठा, पिसं, माशांचे तुकडे, मेलेली पिल्लं. पाहता पाहता त्या पट्ट्यात दाट गवत आलं आणि गवताखाली काळी माती धरू लागली. बाकीचं बेट तेवढ्याच वयाचं होतं, तरी मागेच राहिलं.

शिवाय माती जिथे दिसते तिथेच जन्मलेली असते असंही नाही. नदीने आणलेली असते, वाऱ्याने आणलेली असते. सहारातली धूळ अटलांटिक ओलांडून अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पडते आणि तिथल्या झाडांना फॉस्फरस पोचवते. आणि कधी कधी नवी वाटणारी माती ही जुनीच, खालची वर आलेली असते. डार्विन यांनी डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरवले आणि वाट बघितली. किती? एकोणतीस वर्षं. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर चर खणला तर तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली. खालची माती गिळून वर आणून टाकणाऱ्या गांडुळांनी ते गाडले होते. सात इंच तीस वर्षांत, हे वाचून माती झपाट्याने बनते असं समजू नका. ती उलथापालथ आहे, निर्मिती नव्हे. पण कणांमधल्या वाटा अशाच पडतात.

हजार वर्षांचा आकडा वापरायचाच असेल तर दुसरं माप शेजारी ठेवा. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती धुऊन गेली, जी डोळ्यांना दिसतही नाही, तर दहा घनमीटर माती गेली. वजन तेरा टन. उघड्या उतारावर एका जोरदार पावसाचं हे काम आहे. मी हा हिशेब खड्ड्याच्या काठावर उभं राहून लोकांना सांगायचे तेव्हा ते इंच विसरायचे आणि उताराकडे बघायला लागायचे.

प्रश्न : माती लाल, पिवळी, काळी, राखाडी का असते? काळी म्हणजे सुपीक हे खरं?

उत्तर : लाल आणि पिवळा रंग लोखंडाच्या गंजाचा. हेमाटाइट असेल तर लाल, गोएथाइट असेल तर पिवळी-तपकिरी. जमिनीत पाणी साचून राहिलं आणि हवा गेली तर जिवाणू लोखंडाचं रूप बदलतात, ते विरघळून निघून जातं आणि माती राखाडी, कधी निळसर होते. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडीत गंजाचे ठिपके दिसले की मी पाऊस न बघताही सांगू शकते की पाणी वर्षातून काही महिने इथवर चढतं. काळा रंग बहुधा ह्यूमसचा, पण नेहमी नाही. भेगा पडणाऱ्या काळ्या चिकणमातीत सेंद्रिय पदार्थ बऱ्याचदा रंगावरून वाटतो त्याच्या कितीतरी कमी निघतो. म्हणून रंग बघून भाव ठरवू नका. आम्ही रंग मन्सेल यांच्या पट्ट्यांशी जुळवून लिहितो. हे अल्बर्ट मन्सेल मूळचे चित्रकलेचे शिक्षक, मातीशी त्यांचा संबंध नव्हता. एक नियम मात्र कडक: रंग बघताना काळा चष्मा काढायचा.

प्रश्न : पहिल्या पावसाचा वास मातीचा की पाण्याचा?

उत्तर : मातीचा, आणि तिच्यात राहणाऱ्यांचा. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातले इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी दाखवलं की कोरड्या दिवसांत खडक आणि मातीवर तेलकट द्रव्यं साचतात आणि ओल लागली की ती सुटतात. या वासाला त्यांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यात मिसळतो तो जिओस्मिन, स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी बनवलेला. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे, एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी पकडतं. (याच जिवाणूंच्या एका जातीतून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध.) स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव या वासाच्या मागावर येतात आणि जिवाणूंचे बीजाणू अंगावर घेऊन पसरवतात. जिवाणूंना त्याचा हा फायदा.

वास नाकापर्यंत येतो कसा, हे २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपलं गेलं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटतो तेव्हा छिद्रांतली हवा त्याच्याखाली अडकते, बुडबुडे होऊन वर चढते आणि फुटताना सूक्ष्म तुषार उडवते. बघा, इथेही रिकामी जागाच.

प्रश्न : एकतीस वर्षांत माती ओळखताना तुमची चूक कधी झाली का?

उत्तर : खूप वेळा, पण एक सांगण्यासारखी. सेवेचं दुसरं वर्ष. लाल मातीची टेकडी, दीड मीटरचा खड्डा. मी तळहातावर माती घेतली, पाणी शिंपडलं, बोटांनी मळली. मऊ, पिठासारखी, चिकटेना. दातांखाली थोडी धरून पाहिली (हो, आम्ही तेही करतो), कचकच अगदी थोडी. खड्ड्यात ओतलेलं पाणी पटकन जिरलं. मी नोंद केली: पोयटा. वहीवर ठसठशीत.

आमचे वरिष्ठ वर बसले होते. त्यांनी नोंद वाचली, काही बोलले नाहीत, खाली हात करून म्हणाले, ‘द्या जरा.’ त्यांनी तोच गोळा घेतला आणि मळायला लागले. मी दहा सेकंद मळला होता, ते दोन-तीन मिनिटं मळत राहिले. हळूहळू ती माती बोटांना धरायला लागली, चकाकायला लागली. मग त्यांनी अंगठ्याने दाबून तिची पट्टी काढली, वीतभर लांब, न तुटणारी. अस्सल चिकणमाती. लोखंडाच्या ऑक्साइडांनी तिचे कण बारीक बारीक गोळ्यांत इतके पक्के बांधले होते की त्या गोळ्याच बोटांना पोयटा वाटत होत्या. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला, चिकणमाती निम्म्याहून जास्त.

मी ओशाळून नोंद खोडायला गेले तर त्यांनी थांबवलं. म्हणाले, ‘पाणी कसं जिरलं ते विसरू नका. मुळांना काय माहीत आम्ही किती वेळ मळली?’

नमुन्याच्या तक्त्यात त्यासाठी एकच रकाना होता. मी तिथे चिकणमाती लिहिलं, आणि समासात बारीक अक्षरांत, ‘वागते पोयट्यासारखी’.